जुनं हॉटेल पाडायला निघालेत. फाईल कुठे अडवायची?

काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनवर, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलवर, गेल्या अंकात टिपण आलं आणि पत्रांचा ढीग पडला. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेला बिडाचा सांगाडा जहाजाने आणून मुंबईत उभा केला, ती ही इमारत. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे तुकडे पडून त्यात कचेऱ्या आणि दुकानं आली. जुलै २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी झाली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडून नव्याने बांधावी असं सुचवलं, तर संवर्धनातल्या जाणकारांनी ती दुरुस्त होऊ शकते असं ठामपणे मांडलं. पत्रांमधले बहुतेक प्रश्न आपापल्या गावच्या, गल्लीतल्या हॉटेलांचे आहेत. निवडक प्रश्नांना आमच्या सल्लागारांनी (एक संवर्धन वास्तुविशारद, एक संरचना अभियंता, एक वकील) दिलेली उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न: आमच्या गल्लीतलं शंभर वर्षांचं हॉटेल एका विकासकाने घेतल्याची कुजबुज आहे. टॉवर येणार म्हणतात. मोर्चा काढावा की थेट कोर्टात जावं? (एक वाचक, गिरगाव)

आज यातलं काहीच करू नका. कुजबुजीवर मोर्चा काढलात तर समोरचा म्हणतो, 'आम्ही अजून अर्जच केलेला नाही.' ते खरंही असतं, आणि दुसऱ्या मोर्चाला माणसं येत नाहीत. आधी फाईल कुठल्या टेबलावर आहे ते शोधा.

पहिला कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. त्यासाठी इमारतीचा भूकर क्रमांक लागतो. मुंबई शहरात तोच सी.एस. नंबर. जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, हे या एका कागदावर कळतं. दक्षिण मुंबईत कित्येक भूखंड सरकारचे किंवा बंदराचे, भाडेपट्ट्याने दिलेले. तसं असेल तर पाडकामाला आणि वापर बदलायला जमीनमालकाचीही संमती लागते. म्हणजे तुमचं पत्र जाण्यासाठी आणखी एक दार उघडं झालं. दुसरा कागद डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय आहे त्याची नोंद. महापालिकेकडे शुल्क भरून तो मिळतो. त्यात आरक्षण, रस्तारुंदी आणि इमारत वारसा यादीत आहे का, असल्यास कुठल्या श्रेणीत, हे लिहिलेलं असतं.

मग पाहायचं की प्रकल्प कुठवर आलाय. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. तो अर्ज 'परिवेश' संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतो. इथे एक गैरसमज हमखास आढळतो. लोक जनसुनावणीची वाट पाहत बसतात. इमारत-बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, ती होणारच नाही. लेखी म्हणणं राज्याच्या मूल्यांकन समितीकडे आपणहून पाठवायचं. मंजुरी निघालीच तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६०. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरही प्रकल्प शोधा, पण तिथे नाव दिसलं याचा अर्थ बहुधा गाडी बरीच पुढे गेली आहे. नोंदणी होते तोवर बांधकाम परवानगी हातात आलेली असते.

राहिला माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. 'परवानगी का दिली?' असं कधीही विचारू नका. 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, उत्तर त्या एका ओळीत संपतं. असं लिहा: 'भूकर क्रमांक अमुक, तमुक विभाग, येथील इमारतीसंदर्भात १ जानेवारी २०२३ पासून आजतागायत आलेले पाडकाम व पुनर्विकासाचे अर्ज, वारसा समितीशी झालेला पत्रव्यवहार व बैठकींची इतिवृत्ते, संरचनात्मक तपासणीचे अहवाल यांच्या प्रती मिळाव्यात, तसेच मूळ फाईलची पाहणी करू द्यावी.' शेवटची, फाईल पाहण्याची मागणी विसरू नका. प्रती मागितल्या की निवडक पानं येतात. फाईल समोर ठेवली की टिपणीच्या पानांवर कोणी कुठल्या तारखेला काय शेरा मारला ते दिसतं, आणि मोहिमेला लागणारा दारूगोळा बहुतेकदा त्या शेऱ्यांतच सापडतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

प्रत्येक पत्रावर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. मोबाइलवरून पाठवलेली तक्रार कोर्टात दाखवता येते, पण शिक्क्याच्या कागदाइतकं वजन तिला येत नाही.

प्रश्न: आमच्या शहरातलं हॉटेल वारसा यादीतच नाही. मग सगळं संपलंच का? (कोथरूड, पुणे)

संपलं नाही, पण चढ मोठा आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. आधी ती विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ६७ होती, आता २०३४ च्या नियमावलीत कलम ५२ आहे. राज्यातल्या बहुतेक इतर शहरांना डिसेंबर २०२० ची एकत्रिकृत नियमावली लागू आहे आणि वारशाच्या तरतुदी तिच्यातही आहेत. पुण्याला स्वतःची यादी आणि समिती आहे. यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव कोणीही नागरिक देऊ शकतो. मालकाची संमती ही पूर्वअट नाही. मालकाला हरकत घ्यायचा हक्क मात्र आहे.

प्रस्ताव दोन पानांचा करा, चाळीस पानांचा कोणी वाचत नाही. पहिल्या पानावर महत्त्व: कधी बांधलं, कोणी बांधलं, बांधकामाची पद्धत काय, आणि शहरात तसं दुसरं काय उरलंय. दुसऱ्या पानावर जागेचा नकाशा, प्रत्येक दर्शनी बाजूचा समोरून घेतलेला फोटो आणि आतल्या तीन-चार गोष्टी: जिना, कठडा, फरशी, छत. जिन्याचा फोटो काढताना बाजूला मोजपट्टी धरा.

एक सांगतो, दंतकथा बाजूला ठेवा. 'जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं' ही गोष्ट पाठ नसलेला मुंबईकर मिळणार नाही, पण तिला भक्कम पुरावा नाही. असली गोष्ट प्रस्तावात आली की विरुद्ध बाजूचा वकील फक्त तेवढीच पकडतो, आणि बाकीचं खरं असलेलंही संशयात लोटतो. वॉटसनसाठी १८९६ चा चित्रखेळ आणि त्याच वर्षी मार्क ट्वेनचा मुक्काम पुरेसा आहे. दोन्ही नोंदलेलं आहे.

आणि खरं वजन बांधकामाच्या पद्धतीचं असतं. कोण थोर माणूस राहून गेला यावर पाट्या लागतात. देशात शिल्लक राहिलेल्या बिडाच्या सांगाड्याच्या इमारतींत सर्वात जुन्यांपैकी एक असणं, यावर श्रेणी ठरते. वॉटसन दुसऱ्या अ श्रेणीत आहे.

प्रश्न: पालिकेने आमच्या इमारतीला ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस दिली. संरचनात्मक ऑडिटमध्ये 'सी-१' आलंय. इमारत मला तरी धडधाकट दिसते. ऑडिट खोटं आहे का? (एक भाडेकरू, फोर्ट)

खोटं असेलच असं नाही. चुकीच्या हत्यारांनी केलेलं असू शकतं, आणि तसं फार वेळा होतं.

आधी वर्ग समजून घ्या. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडा. सी-२अ म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. मोहिमेचं सगळं तांत्रिक भांडण सी-१ आणि सी-२अ यांच्यामधल्या फटीत असतं.

आता हत्यारं. शहरातले बहुतेक ऑडिटर रोज सिमेंट काँक्रीटच्या इमारती तपासतात. त्यांच्या पेटीत रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्सचं यंत्र, सळईच्या गंजासाठी हाफ-सेल, कार्बोनेशनसाठी रसायन. या सगळ्या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो आणि काँक्रीटवर बेतलेल्या आलेखावरून ताकद काढतो. चुन्याच्या गिलाव्यावर तो आपटला की आकडा तळाला जातो आणि अहवालात 'अत्यंत कमकुवत' छापून येतं. चुना मऊच असतो, तोच त्याचा गुण. म्हणून अहवाल हातात आला की निष्कर्षाचं पान सोडा आणि चाचण्यांची यादी उघडा. तुमची इमारत दगड-विटा-चुना, सागवानी तुळया किंवा बीड यांची असेल आणि चाचण्या फक्त काँक्रीटच्या असतील, तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तयार आहे.

मग काय तपासायला हवं? भिंतीत फ्लॅट-जॅक लावून प्रत्यक्ष ताण मोजता येतो, फटीतून बोरोस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून आतला गाभा पाहता येतो. लाकडात बारीक सुई फिरवत आत जाणारं यंत्र मिळतं, ते प्रत्येक मिलिमीटरला लागणारा विरोध नोंदवतं. सागवानी तुळई मध्ये सहसा ठणठणीत असते. कुजतं ते टोक, भिंतीत रुतलेलं वीतभर-दीडवीत, कारण तिथे ओल शिरते आणि हवा लागत नाही. टोक कापून नवं सागवान जोडायचं आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळायच्या, ही जुनी, चालत आलेली दुरुस्ती आहे. टोक कुजलं म्हणून अख्खा मजला बाद ठरवणारे अहवाल कमी नाहीत.

बिडाचं प्रकरण वेगळं. बीड दाबाला दणकट, ताणाला ठिसूळ. पोलाद वाकून इशारा देतं. बीड न सांगता तडकतं. पोकळ खांब ओतताना साच्यातला गाभा किंचित सरकलेला असतो, त्यामुळे एका बाजूची जाडी भरपूर आणि समोरची कमी, असं सर्रास आढळतं. एका जागी जाडी मोजून हिशेब मांडला तर तो चुकतो. अल्ट्रासोनिक जाडीमापक प्रत्येक उंचीवर घेराच्या किमान चार बिंदूंवर लावायला हवा. तळ, मध्य आणि माथा तिन्हीकडे. भेगांसाठी डाय-पेनिट्रंट: लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरी पूड फवारायची. भेग असेल तर लाल रेघ आपोआप उमटते. आणि कोणी 'वेल्डिंग करून टाकू' म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारचं बीड आणखी ठिसूळ होतं आणि आठवड्यात भेग शेजारी सरकते. बिडाला थंड टाके घालतात: भेगेला आडवी छिद्रं पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकायच्या, किंवा बाहेरून दोन अर्ध्या कड्यांची पोलादी पट्टी बोल्टने कसायची.

आणखी एक मुद्दा, ज्यात पैसे कमी आणि फरक मोठा. इमारत बांधली तेव्हा नसलेलं वजन मोजा. पोटमाळे, एसी, बांधकाम करून बंद केलेले सज्जे, गच्चीवरच्या टाक्या. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच पाच टन. गच्चीवर गळती थांबवायला ब्रिकबॅट कोब्याचा (विटांच्या तुकड्यांचा) थर घातलेला असतो, दहा सेंटिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण १९० किलो. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर एक थर अडतीस टनांचा. जुना न काढता त्यावर दुसरा थर घातलेला असेल (घातलेला असतोच) तर दुप्पट. हे ओझं उतरवणं हीच पहिली मजबुती. अहवालात 'अतिरिक्त भार काढल्यानंतरची स्थिती' हा रकानाच नसेल तर तो का नाही, ते लेखी विचारा.

आता नोटीस. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५४ मध्ये आयुक्तांना फक्त पाडा म्हणण्याचा अधिकार नाही. सुरक्षित करा, दुरुस्त करा असंही सांगता येतं. तुमच्या उत्तरात हे शब्द आलेच पाहिजेत. दुसऱ्या, जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा अहवाल नोटिशीच्या मुदतीत दाखल करा. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. मुदतीनंतर दिलेला अहवाल फाईलला लागतो, वाचला जात नाही. इमारत यादीत असेल तर 'ही नोटीस काढण्याआधी किंवा नंतर वारसा समितीचं मत घेतलं का?' हेही त्याच पत्रात विचारा.

टेकू लावायची वेळ आली तर तो एकाच मजल्यावर लावून मोकळे होऊ नका. वरच्या मजल्याचा टेकू भार खालच्या मजल्याच्या लादीवर सोडतो, आणि लादी त्यासाठी केलेली नसते. टेकू एकाखाली एक, एका ओळंब्यात, थेट जमिनीपर्यंत यायला हवेत. तळाशी जाड फळी.

हे सगळं सांगूनही: तुमचा स्वतःचा अभियंताही 'बाहेर पडा' म्हणाला तर त्या दिवशी बाहेर पडा. रिकामी केल्याने भाडेकरूचा हक्क जात नाही. मात्र बाहेर पडण्याआधी पालिकेकडून प्रत्येक गाळ्याचं चटईक्षेत्र मोजून, सही-शिक्क्याची यादी घ्या.

प्रश्न: तुम्ही वारसावाले येता, फोटो काढता, जाता. आम्ही गळक्या छपराखाली राहायचं का? (दादर)

तुमची चीड रास्त आहे, आणि ती न ऐकणाऱ्या मोहिमा हरतात. २०१२ साली मुंबईची वाढीव वारसा यादी प्रस्तावित झाली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनीच तिला विरोध केला होता. 'आमच्या इमारतींचा पुनर्विकास अडकेल' ही भीती कोणी नीट समजावून दूर केली नाही.

मालकासमोर आकडे ठेवा. केवळ उदाहरणादाखल: भूखंड १,५०० चौरस मीटर, सध्याचं बांधकाम ३,०००, नियमाने शक्य ४,५००. इमारत राखायची म्हणून १,५०० चौरस मीटर बुडतात. हे बुडालेलं क्षेत्र विकास हक्क हस्तांतरणाच्या, म्हणजे टीडीआरच्या रूपाने विकायची तरतूद वारसा नियमावलीत आहे. मुख्य अट: त्या बदल्यात इमारत राखायला हवी. दर आणि कुठल्या भागात वापरता येईल याच्या अटी बदलत असतात, नगररचनेच्या चालू परिपत्रकावरून हिशेब करून घ्या. यादीतल्या इमारतीला वापरबदलाची सवलतही मिळू शकते. तळमजल्याला उपाहारगृह, वर कचेऱ्या किंवा पुन्हा हॉटेल. मोहिमेने 'पाडू नका' एवढंच म्हटलं तर मालकाला ऐकायचं कारण नाही. 'असं केलंत तर एवढे मिळतील' हा कागद घेऊन गेलात तर निदान चहा तरी विचारला जातो.

भाडेकरूंसाठी: मालक दुरुस्ती करत नसेल आणि पालिकेने ती करायला सांगितलेली असेल, तर कलम ४९९ खाली ती स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करायची वाट आहे. उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा.

आणि पावसाळ्याआधी, न्यायालयं-समित्या राहू द्यात, पन्हळी साफ करा. कॉर्निसच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसतं ना, बोटभर उंचीचं, दोन चकचकीत पानांचं? ते वरून छाटलं की मुळं आत जाड होतात आणि पुढच्या वर्षी दगड ढकलतात. रोप लहान असतानाच मुळासकट काढून सांधा चुन्याने भरा. सिमेंटने नको. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा दगड पापुद्रे सोडायला लागतो. जुनी हॉटेलं पाडली जातात त्याआधी दहा-वीस वर्षं त्यांच्या पन्हळी कोणी साफ केलेल्या नसतात.

प्रश्न: विकासक म्हणतो, दर्शनी भिंत ठेवतो, मागे टॉवर बांधतो. तडजोड करावी का? (ठाणे)

आधी विचारा, 'ठेवतो' म्हणजे उभी ठेवतो की पाडून पुन्हा तशीच बांधतो? करारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. भिंत खरोखर उभी ठेवायची तर मागचं सगळं काढताना तिला पोलादी चौकटीचा आधार लागतो. त्या चौकटीला रस्त्याची किंवा आतली जागा लागते, आणि शेजारी तळघराचा खड्डा खणताना भिंतीची हालचाल रोज मोजावी लागते. हा खर्च मोठा असतो. म्हणून काम सुरू झाल्यावर 'भिंत धोकादायक आढळली' असं पत्र येतं आणि भिंत जाते. तडजोड करायचीच तर आधार-चौकटीचा आराखडा, हालचालीची कमाल मर्यादा आणि बँक हमी, तिन्ही परवानगीच्या अटींत लिहून घ्या.

टोकियोचं उदाहरण घ्या. फ्रँक लॉइड राइट यांचं इम्पीरियल हॉटेल १९२३ च्या भूकंपात टिकलं, १९६८ पर्यंत पाडलं गेलं. विरोध झाला होता. हाती लागला तो प्रवेशद्वाराचा आणि लॉबीचा भाग. तो मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारला. सुंदर आहे, पण तिथे कोणी रात्रीचा मुक्काम करत नाही. टोकियोतल्याच ओकुराची जुनी इमारत २०१५ मध्ये पाडली आणि २०१९ च्या नव्या टॉवरमध्ये जुनी लॉबी हुबेहूब केली. आमच्या मते ही दोन्ही उदाहरणं हरण्याच्या दोन तऱ्हांची आहेत, दुसरी जास्त महाग. वॉटसनसारख्या इमारतीत तर दर्शनी भिंत वेगळी काढताच येत नाही. तिथे सांगाडा हाच चेहरा आहे.

प्रश्न: ऑनलाइन बारा हजार सह्या जमल्या. आता कोणाला द्यायच्या? (पनवेल)

पत्रकारांना द्या, बातमीला उपयोग होईल. समितीसमोर त्यांचं वजन कमी. यादीतली इमारत पाडण्याच्या किंवा तिच्यात मोठे बदल करण्याच्या प्रस्तावावर, तसंच यादीतून वगळण्यावर, हरकती-सूचना मागवाव्या लागतात. जाहिरातीत दिलेल्या मुदतीत आलेली, नाव-पत्त्यासह, एकेका माणसाची स्वतंत्र हरकत नोंदवावी लागते. बारा हजार सह्यांचा एक गठ्ठा म्हणजे एक हरकत. दोनशे वेगवेगळी पत्रं म्हणजे दोनशे. नमुना एकच छापून वाटू नका. चार मुद्दे द्या आणि प्रत्येकाने आपला एक निवडून आपल्या शब्दांत लिहावा. शेजारच्या दुकानदाराने वाहतुकीचं लिहावं, हॉटेलच्या जुन्या कामगाराने आतल्या रचनेचं.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. पैसे पाठवू का?

तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते. गल्लीतल्या कृती समितीकडे ती नसते. पाठवलेत तर अडचण त्यांची होईल.

पैशांपेक्षा कागद शोधून द्या. वॉटसनचा सांगाडा डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला गेला. ऑर्डिशने लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छपरावरही काम केलं. अशा इमारतींचे मूळ नकाशे, ओतकामाचे तपशील ब्रिटिश ग्रंथालयात, इंग्लंडच्या स्थानिक दप्तरखान्यांत असू शकतात. खांबाची मूळ जाडी सांगणारं एक रेखाचित्र इथल्या अभियंत्याचे कित्येक दिवस वाचवतं.

प्रश्न: कोर्टात नेमकं कधी जायचं? (फोर्ट, मुंबई)

वारसा समितीच्या शिफारशीविरुद्ध आयुक्तांनी परवानगी दिली, हरकती न मागवता पुढे गेले, किंवा परवानगीशिवाय हातोडा पडला, यांपैकी एक घडलं की लगेच. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट किंवा जनहित याचिका. 'लगेच' म्हणजे दिवसांत, महिन्यांत नाही. परवानगीची प्रत माहिती अधिकारात मार्चमध्ये मिळाली आणि याचिका ऑक्टोबरमध्ये दाखल केली, तर न्यायालय पहिला प्रश्न विलंबाचा विचारतं. तोवर विकासकाने पैसे गुंतवलेले असतात, आणि ते तोच सगळ्यात आधी दाखवतो.

युनेस्कोवर विसंबू नका. मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याने राज्य सरकारवर दबाव येतो, पण हातोडा थांबवणारा आदेश पॅरिसहून येत नाही. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००५ मध्ये वॉटसनचं नाव जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंत घातलं, तरी त्याच वर्षी सज्जा पडला.

एक लक्षात ठेवा: बेकायदा पाडकाम बहुधा जोडून सुट्ट्या आल्या की सुरू होतं. शुक्रवारी संध्याकाळी जेसीबी येतो, सोमवारी कोर्ट उघडतं तेव्हा वाचवायला काही उरत नाही. म्हणून एक फाईल आधीच तयार ठेवा: मालमत्ता पत्रक, यादीतल्या नोंदीची प्रत, शिक्क्यांची सगळी पत्रं, चारही बाजूंचे तारीखवार फोटो, सही केलेलं वकीलपत्र आणि याचिकेचा मसुदा, ज्यात फक्त तारीख भरायची बाकी आहे. सुट्टीतल्या तातडीच्या सुनावणीसाठी निबंधकांकडे काय प्रक्रिया आहे ते वकिलाकडून आजच लिहून घ्या, आणि तो कागद फाईलच्या आतल्या बाजूला चिकटवा. इमारतीसमोरच्या पानवाल्याकडे तुमचा मोबाइल क्रमांक असू द्या. ट्रक सगळ्यात आधी त्यालाच दिसतो.